बेचकं

डॉक्टरांनी माझ्यासमोर कागदावर एक रेघ काढली, तिला खाली दोन फाटे फोडले आणि फाटा फुटतो तिथे पेनाचं टोक टेकवून म्हणाले, "अडथळा नेमका या बायफर्केशनवर आहे." माझ्या बायकोच्या हृदयातली रक्तवाहिनी होती ती.

बाहेर बाकावर बसून मी मोबाइलवर त्या शब्दाचं मूळ शोधलं. भीती वाटली की माणूस काहीतरी वाचत बसतो. शब्द लॅटिनमधला निघाला. 'बाय' म्हणजे दोन, 'फुर्का' म्हणजे गवत उचलायचा काटा. म्हणजे आपलं बेचकंच की. ओळखीचं काही सापडलं तर धीर येईल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. आमच्या गावी वाऱ्याचे दिवस आले की लगडलेल्या आंब्याचं बेचकं सुंभाने आवळून बांधतात. झाड मोडतं ते बेचक्यातच, आणि मोडलं की पार बुंध्यापर्यंत चिरत जातं.

आत गेलो तेव्हा ती जागीच होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बेचक्यात अडलंय म्हणाले."

तीही त्याच गावची. हळूच म्हणाली, "अहो, मग वारा सुटायच्या आत बांधून घ्यायला सांगा त्यांना."

मी मान हलवली. खिडकीबाहेरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. तरी उठून मी खिडकी लावून घेतली.