दापोड्याच्या वहिनी टीचर

वहिनी टीचरना इंग्रजीची भीती वाटायची, आणि नर्सरीला त्या इंग्रजीच शिकवायच्या. मुलं यायच्या आधी फळ्याकडे तोंड करून दिवसाची वाक्यं पुटपुटत उभ्या असायच्या. दापोड्याच्याच सून, म्हणून गावाच्या वहिनी. शाळेत त्याला 'टीचर' जोडलं गेलं. मी शहरातल्या निजामपुऱ्याहून रिक्षाने यायचे. त्यांची मदतनीस, पहिलीच नोकरी.

शाळा गोदामांच्या रांगेत होती. वर्गात कुणाच्या घरी आगरी, कुणाच्या हिंदी, कुणाच्या तेलुगू. प्रिन्सिपल मॅडमचा नियम एकच, वर्गात फक्त इंग्रजी. वहिनी टीचर मुलाच्या हातात केळं द्यायच्या, सोलू द्यायच्या आणि मग 'बनाना' म्हणायच्या. मूल बोललं नाही तरी केळं त्याचंच. मॅडम आसपास नसल्या की त्याच्या कानाशी लागून घरच्या बोलीत काही विचारायच्या. मी दाराकडे लक्ष ठेवायचे.

"पोर आधी ऐकतं, मंग बोलतं," त्या म्हणायच्या. "तवर आपन त्याचं समजून घ्यायचं."

एके दिवशी मॅडम दारात उभ्या राहून वर्ग पाहत होत्या. चार वर्षांची स्वरा माझी ओढणी ओढून हळूच म्हणाली, "मना जायाचं हाय." तिला शू लागलीय, हे मला कळलं होतं. पण मॅडमच्या नजरेला घाबरून मी म्हणाले, "से इट इन इंग्लिश." तिने ओढणी सोडली. थोड्या वेळाने मॅडम ऑफिसात गेल्या आणि वहिनी टीचरनी मुलं मोजली, तर एक कमी. स्वरा.

बाथरूम रिकामं होतं. फाटक उघडं होतं. मुलांना मॅडमपाशी सोडून आम्ही धावलो. बाहेर कंटेनर रिव्हर्स घेत होते, हॉर्न वाजत होते. मी "स्वरा, कम हिअर" असं ओरडत पळत होते. दुसरे शब्दच सुचत नव्हते. प्रत्येक चाकाखाली बघताना डोळे मिटावेसे वाटत होते.

वहिनी टीचर रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ड्रायव्हरांना हिंदीत विनवलं, सगळ्यांनी इंजिन बंद करा, गाड्यांमध्ये कुठेतरी बच्ची आहे. एकेक इंजिन थांबलं. त्या शांततेत वहिनी टीचरनी आगरीत हाक मारली.

"बाय माझे, कुठं हाय गं तू? फ्रॉक भिजला तं भिजू दे. कोन बोलनार न्हाय तुला."

एका ट्रेलरच्या मागच्या चाकाआडून बारीक हुंदका आला. त्याचा ड्रायव्हर तेव्हा केबिनमध्ये चढत होता. वहिनी टीचर वाकून आत शिरल्या, तिला छातीशी धरून बाहेर आल्या आणि तिथेच मातीत बसल्या.

स्वराने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या माझं नाव सांगतील म्हणून मी मागेच उभी राहिले. स्वराच्या आईसमोर, मॅडमसमोर त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीनं सांगितलं व्हतं. आमी ऐकलं न्हाय." त्या 'आमी'ने मला जास्त रडवलं. मीच मग पुढे होऊन झालं ते सांगितलं.

मॅडमनी फाटकाला कडी लावली, पण नियम बदलला नाही. यापुढे वर्गात इंग्रजीच बोलेन, असं लिहून मागितलं, तेव्हा वहिनी टीचरनी नोकरी सोडून पर्स उचलली. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, आता मला वर्गात जायचीच भीती वाटते.

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी वाटनार न्हाय, त्या दिवशी सुट्टी घे."

आज मी दुसऱ्या शाळेत नर्सरी शिकवते. अजून एकदाही तशी सुट्टी घ्यावी लागलेली नाही.