काखमांजरी आणि कापसाचा पुंजका

कार्बोलिकचा वास आला की खामगावच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. थोरल्या भावाच्या काखेत काखमांजरीचं गळू पिकलं होतं. सरकी काढायच्या जिनात तो चिमटीने धागा ओढून कापसाची प्रत ठरवी. घर त्या बोटांवर चालायचं. "हाताच्या नसा इथूनच जातात. भूल देत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याला कापसाचा पुंजका दिला. "धागा ओढत राहा. बोटं थांबली की मी थांबेन." दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो धागा ओढू लागला. मी कोपर धरलं. चीर पडली, पू वाहिला आणि बोटं थांबली. चाकूही थांबला. "दादा, काऊन थांबला?" मी ओरडलो. "धागा तुटला न बे," घामेजलेला भाऊ म्हणाला. "माल हलका हाये." आजही कापूस हाती आला की मी आधी माझा अंगठा हलवून पाहतो.