सरहद्दीवर खर्ची पडलेले रायाजी

आमच्या घराण्यात एकच पुरुष लढाईत मेला आणि त्याच्या मरणावर बाकीच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिशांना पीळ भरला. वंशावळीत आहेच तसं: 'रायाजी चंद्री घोडीवर पश्चिमेस गेले. हबसाणाच्या (जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाच्या) सरहद्दीवर, मौजे पाणखार येथे खर्ची पडले. कुटुंब साध्वी. पांढऱ्या कपाळाने जन्म काढिला.'

या शेवटच्या वाक्यावर आमचे चुलते, म्हणजे तात्या, घर चालवतात. माझी थोरली बहीण अक्का ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी तिला मागणी घातली, अक्का हो म्हणाली, आणि तात्यांनी वंशावळ काढली. "रायाजींच्या घरात पुनर्विवाह? त्या साध्वीनं काय केलं ते वाच!" मी तालुकाभर पुनर्विवाहाची पत्रकं वाटतो. घरात त्याच पत्रकांना तात्या दाढीचा साबण पुसतात.

"आधी त्या वीराची रणभूमी बघून ये, मग तोंड उघड," तात्या म्हणाले. "आणि येताना तिथली माती आण."

म्हटलं, आणतो. ज्या मरणावर अक्काला जिवंतपणी पुरताहेत, ते मरण निदान खरं आहे का, ते तरी कळेल.

एस.टी.ने आंबेनळीचा घाट उतरलो. गाडी प्रत्येक वळणावर दरीत डोकावून बघत होती. रायाजी इथून घोडीवरून उतरले असतील तर त्यांच्या शौर्याबद्दल मला तेवढ्यापुरती शंका नाही. माणगावला गाडी बदलायची होती. हॉटेलात चहा पिताना शेजारच्या भातव्यापाऱ्यानं विचारलं, "पाणखारला काय काम काढलंत?"

"आमचे पूर्वज तिथं लढले."

"कोणाशी? डासांशी?"

दुसऱ्या गाडीनं खाडीपर्यंत गेलो, आणि तरीतून (माणसं पलीकडे नेणारी होडी) पैलतीरावर उतरताना एक चप्पल चिखलानं गिळली. वीराचा वंशज एका चपलेनं रणभूमीवर दाखल झाला. समोर किल्ला नाही, बुरूज नाही, समाधीची छत्री नाही. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला त्या पाण्याहून खोल असलेली हिरवी भातशेती, आणि दोहोंच्या मध्ये मातीचा लांबच लांब बांध. अशा जमिनीला इथं खार म्हणतात (बांध घालून समुद्राकडून हिसकावलेलं शेत).

बांधावर एक बाई जवळा (बारीक सुकी कोळंबी) वाळत घालत होती.

"रायाजींची रणभूमी कुठं आहे हो?"

"रनभूमी न्हाय ठावं. ह्यो रायाजीचा बांध हाय. कडेनं चाला, जवला तुडवताव! कोन तुमी?"

"रायाजींचा वंशज."

ती कमरेवर हात ठेवून हसली. "मंग आमी कोन?"

चांगुणाबाई तिचं नाव. तिनं मला घरी नेलं, नवऱ्याला, धाकूदादाला, हाक मारली आणि पुढ्यात तांदळाची भाकरी नि खेकड्याचं कालवण ठेवलं. खेकडा कुठून फोडायचा हे मला कळेना. तो मेलेला असूनही मला चावला.

"रायाजी लढाईत कसे पडले?" मी विचारलं.

धाकूदादाचा घास थांबला. "पडले? त्येचे दातच तेवडे पडले. दात गेल्यावर म्हातारा खेकडं चोखून खायचा, असं आमचा आजा सांगायचा."

"म्हणजे लढाईतून पळाले!"

"पलाला कसा? लढाई सोडली, दर्या न्हाय सोडला. पलनारा मानूस येवडा बांध घालंल?"

याला माझ्याकडे पत्रक नव्हतं. आजोबांनी जुन्या मोडीतून वंशावळीची नक्कल करताना 'खारीं पडले'चं (म्हणजे खारीत मुक्काम ठोकला, याचं) 'खर्ची पडले' केलं असणार. आमचं सगळं शौर्य एका अक्षरापुरतं.

"आनि आमची मूल आई, आमच्या वंशाची पयली बाय," चांगुणाबाई वाढता वाढता म्हणाली, "तिचा पयला नवरा बांध फुटला तवा वाहून गेला. रायाजीनं तिच्याशी पाट लावला." पाट म्हणजे विधवेशी लग्न. माझ्या हातातला खेकडा ताटात पडला.

"घाटावरची थोरली आमी इसरलो न्हाय हां. सर्वपित्रीला तिचं पान आधी वाढतो. तशी पाट लावतानाच आमच्या मूल आईनं अट घातलेली. पन थोरलीचं नाव कोनाला ठावं न्हाय. बरं झालं तुमी आलाव. काय हो नाव तिचं?"

मी वहीतला उतारा काढला. "साध्वी."

"साध्वी नाव व्हतं?"

नव्हतं. तिचं नाव आम्ही लिहिलंच नव्हतं. घोडीचं लिहिलं होतं.

परत आलो तेव्हा तात्यांनी माझं काही ऐकण्याआधीच पुडीतली माती कपाळाला लावली. मग मी सगळं सांगितलं. पाटापाशी आल्यावर ते उठून उभे राहिले.

"तो रायाजी दुसरा!"

"मग कपाळ पुसा."

त्यांनी पुसलं नाही. पुसलं तर वीर गेला, ठेवलं तर पाट आला. बिचारे तसेच उभे.

अक्का दाराशी ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही?"

"नाही."

"मग तात्या, मी कुणासारखं राहायचं?"

तात्यांनी वंशावळ उलटीसुलटी चाळली. घोडीच सापडली.

लग्न पाणखारला झालं, कारण आमच्या दारात मांडव घालायला तात्यांनी मनाई केली. कन्यादान धाकूदादानं केलं. मास्तरांनी खटपट करून पाणखारच्याच शाळेत जागा मिळवली आहे. अक्का कुठं गेली असं कुणी विचारलं, की तात्या बाहेर बघत म्हणतात, "पश्चिमेस गेली."

छान. मग तसंच लिहा, तात्या. चंद्री घोडीच्या ओळीखाली जागा आहे: पश्चिमेस गेली, खारीं पडली. अक्षर या खेपेला नीट काढा. आणि नाव घाला. अक्काचं नाव सुभद्रा.