ओपन डेला नेलेली कोर्टाची ऑर्डर

मंडळी, आज मुलुंडला लेकीच्या शाळेत ओपन डे होता. घटस्फोटानंतरचा पहिलाच.

सईचा ताबा तिच्या आईकडे आहे. ऑफिसातल्या एका शहाण्याने सांगितलं होतं, "कस्टडी नाही ना? मग शाळा तुला दारात उभं करणार नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "ताबा आईकडे असला तरी बाप तुम्हीच. शाळेत जायला कोर्टाने मनाई केलेली नाही." तरी फाटली होती यार. ऑर्डरची कॉपी घेऊनच गेलो.

वर्गशिक्षिकेने फाईलकडे बघितलंही नाही. "सईचे बाबा ना? बसा. गणितात फार घाई करते हो ती!"

मग प्रगतीपुस्तक पुढे केलं. सईची आई सकाळीच सही करून गेली होती. वडिलांच्या रकान्यात तिने पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, 'बाबा येणार आहेत.'

असंच काही ऐकून कोणी शाळेत जायचं टाळतंय का? ऑर्डर नीट वाचा आणि जा रे.