टँगोवाल्या मुलाची चौकशी

आता कसं सांगू तुम्हाला! चहा घेता घेताच ऐका, कारण दुसऱ्यांदा सांगायची हिंमत होणार नाही.

आमच्या ऋतासाठी स्थळ आलं होतं. मुलगा नीरज, नोकरी भोपाळमध्येच, अरेरा कॉलनीत एकटा राहणारा, आईवडील नागपूरला. सगळं छान! पण बायोडेटात छंद काय लिहिलेला? ‘टँगो व शास्त्रीय संगीत.’

मी मोबाइलवर टँगो बघितला. अहो, एक बाई आणि एक पुरुष असे चिकटलेले, की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही!

“अगं, शास्त्रीयही लिहिलंय ना,” हे म्हणाले.

“तेच तर! शास्त्रीय हे वरचं पांघरूण आहे.”

पोटची पोर द्यायची, तर चौकशी नको का करायला? शनिवारी दुपारी भाजी आणते म्हणून निघाले, ती थेट अरेरा कॉलनीत. गेटवरच्या रजिस्टरात नाव लिहिलं, ‘सौ. जोशी’. देशपांडे हे खरं नाव लिहून कुठे चौकशी होते?

“नीरज भैया के यहाँ?” चौकीदार म्हणाला. “अभी मैडम आई हुई हैं. हर शनिवार आती हैं, बड़ा-सा बक्सा लेके. फिर खिड़की-दरवाज़े सब बंद!”

मी तडक जिन्याकडे वळले. वर जाऊन दाराला कान लावला. आतून लांबलचक उसासे! मग पाय आपटल्याचा आवाज. मग एका बाईचा, “नीरज, मला सोडून पळू नकोस. श्वास माझ्याबरोबर घे!”

मी बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

दार उघडलं. समोर साठीच्या, पांढऱ्या बॉबकटच्या बाई, हातात सारंगीला असतो तसा गज. मागे नीरज, मांडीवर भात्याची चौकोनी पेटी.

“मी... जोशी. भजनी मंडळासाठी नवं वाद्य बघतेय,” मी ठोकून दिलं.

आणि ती भाबडी माणसं खूश झाली की हो! मला बसवलं, चहा दिला.

“काकू, हा बँडोनियन. टँगोचं वाद्य,” नीरज म्हणाला. “आणि ही माझी मावशी, चेलो वाजवते. टँगो आणि मारवा एकत्र बसवतोय आम्ही. शेजारी ओरडतात, म्हणून खिडक्या बंद.”

“नाचत नाही तुम्ही?”

“मावशीबरोबर?”

मग त्यानं दाखवलं, बटण एकच, पण भाता उघडताना एक सूर, मिटताना दुसरा. एका तोंडानं दोन बोलणी? माझा संशय पुन्हा उठून बसला!

पण मग ती दोघं वाजवू लागली. व्हायोलिनच्या थोरल्या भावासारख्या त्या भल्यामोठ्या चेलोवर मावशींनी मारवा धरला. पेटी खालून दबकत आली, मध्येच थबकली, झटक्यात वळली. माझी मान कधी डोलायला लागली, मलाच कळलं नाही. मनात म्हटलं, ठरलं. हाच जावई!

“राहता कुठे तुम्ही?” मावशींनी विचारलं.

“अवधपुरीत.” नाव खोटं सांगायचं ठरवलं होतं, पत्त्याचं ठरवायचं राहूनच गेलं!

“अय्या, मग देशपांड्यांना ओळखत असाल! उद्या त्यांच्याकडे मुलगी बघायला जायचंय. कशी आहेत हो माणसं? अगदी खरं सांगा.”

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होते?

“मुलगी म्हणजे सोनं!”

“आणि आई? जरा संशयी आहे असं कानावर आलंय.”

“छे! कोण म्हणतं? आई तर देवमाणूस! संशय कशाशी खातात तेही तिला ठाऊक नाही. आणि तिच्या हातचे पोहे? अहाहा!”

परतताना ऑटोत बसले आणि डोक्यात उजेड पडला. अरे देवा! उद्या दार उघडणार कोण?

घरी येऊन ह्यांना म्हटलं, “उद्या मला ताप येणार आहे.”

“मग पोहे कोण करणार?”

केले. स्वयंपाकघरातून हलायचंच नाही असं ठरवून केले. पण बेल वाजली तेव्हा ऋता आत साडी नेसत होती, आणि हे नेमके मिठाई आणायला गेलेले! पदर कपाळापर्यंत ओढून मी दार उघडलं.

समोर मावशी, मागे नीरज. मावशींनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “काय हो जोशीबाई, ती देवमाणूस कुठे आहे?”

“आत... पोहे परततेय,” माझ्या तोंडून गेलं. “थांबा हं, बोलावते.”

आणि मी स्वतःला बोलवायला आत पळाले.

मागून हसू फुटलं. आधी नीरजचं, मग खोलीतून ऋताचं, अगदी एका सुरात. लग्न तिथेच ठरलं म्हणतात.

मी मात्र पंधरा मिनिटं ओट्याशीच उभी. बाहेर येणार तरी कोण म्हणून?