फौजेत नसलेली माणसं

काही गोष्टी माणसाने चितेपर्यंत सोबत न्यायच्या असतात. हीसुद्धा मी नेणारच होतो — पण तब्येत ठणठणीत आहे, आणि इतकी वाट बघायचा कंटाळा आला. आजवर कुणाला सांगितलेली नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी फौजेत कारकून होतो, दौलत ड्रायव्हर. तो अमळनेरकडचा, मी धुळ्याचा. निवृत्तीनंतर दोघंही सुरतेत आलो. पांडेसऱ्यातल्या एका मिलची गाडी तो चालवतो, गेटवरची हजेरी मी लिहितो. गोडादऱ्यात एकत्र राहतो. इथे दोन पुरुष एका खोलीत राहिले तर कुणी मान वर करून बघत नाही — शेजारच्या खोलीत आठ राहतात. आम्ही दोघंच, म्हणून लोक आम्हाला श्रीमंत समजतात. ते अगदीच चूक नाही.

मित्र आहोत का? हो, तेही आहोत. पण लग्न झालेली माणसं असतात तसेही आहोत — बावीस वर्षं.

फौजेत हे लपवलं. उघड झालं असतं तर दोघांचीही वर्दी गेली असती. त्याची मला लाज नाही. तिथे खोटं हुकुमावरून बोललो. मग लाज कशाची? तिकडेच येतोय, जरा वळसा पडतोय.

कोर्टाने आमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा मोडीत काढला, त्याच्या पुढच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईक. माईकसमोर कारकुनाचाही सेनापती होतो. सीमेवरच्या थंडीबद्दल मी असा बोललो, जणू आयुष्यभर बर्फच फायलीला लावत होतो. दौलत पहिल्या रांगेत होता, कडक इस्त्रीच्या शर्टात. इस्त्री मीच केली होती.

मग एक कॉलेजातली मुलगी उठली. एनसीसीत होती. म्हणाली, "अंकल, कोर्टाने तर आता गे-लेस्बियन लोकांना छूट दिली ना? मग आर्मीत ते चालतात की नाय?"

मागे कुणीतरी हसलं.

उत्तर मला पाठ होतं. फौजेचा कायदा वेगळा, तिथे अजून मनाई आहे. आणि तरी अशी माणसं तिथे आहेत, चोख नोकरी करतात. दोन वाक्यं. माझं पेन्शन कोण काढून घेणार होतं? इथे हुकूम कुणाचा होता?

मी म्हणालो, "बेटा, आपल्या फौजेत असली माणसं नसतातच."

टाळ्या पडल्या. दौलतनेही वाजवल्या — सगळे वाजवत असताना न वाजवणारा उठून दिसतो, हे आम्ही फौजेतच शिकलो. मुलगी खाली बसली. ती कुणासाठी विचारत होती? मी कधी शोध घेतला नाही.

घरी आल्यावर दौलतने इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. मग अहिराणीत एवढंच म्हणाला, "आप्पा, मी समोरच बठेल व्हतू."

मी माफी मागितली नाही. तोवर माझं वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर झेंड्यासकट फिरू लागलं होतं. त्याने विषय पुन्हा काढला नाही. आम्ही सुखात आहोत. खोटं बोलणारा सुखात राहतो, असं सांगणारं सुभाषित मला अजून सापडलेलं नाही — शोधलं बरंच.

पुढच्या वर्षी सत्कार दौलतचा. त्याने माईक हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. आता हा सांगणार? सांगितलं असतं तर ते खरंच असतं, आणि त्याच्या हक्काचं.

तो वीस मिनिटं बोलला. विषय होता, चढावर भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये हवा किती असावी.