माझ्या अक्षरातला अहवाल

डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी लागली ती मंचरजवळ, हायवेला लागून उभ्या राहणाऱ्या एका तीन मजली इमारतीवर. कळंबहून स्कूटीवर जायचे. पत्र्याच्या केबिनमध्ये बसून हजेरी घ्यायची, सिमेंट-लोखंडाच्या गाड्या उतरवून घ्यायच्या, स्टोअरची किल्ली सांभाळायची. अक्षर बरं म्हणून अपघातांची नोंदवहीही माझ्याकडं आली. मी रुजू झाले तेव्हा ती वही कोरी होती. ठेकेदार कौतुकानं सांगायचे, "आपल्या साइटवर आजवर काही झालंच नाही."

त्या वहीत पहिली नोंद करायला लावली ती येडगावच्या सेंट्रिंगच्या मिस्त्रींनी. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, चालण्या-बोलण्यात घाई नाही. घरची थोडी शेती, पण वीस वर्षं स्लॅबच्या फळ्या ठोकण्यातच गेलेली. एके दिवशी लंगडत केबिनशी आले आणि म्हणाले, "ताई, पायात खिळा गेला. लिवा."

मी हसले. "मिस्त्री, खिळ्याची काय नोंद करायची? आधी इंजेक्शन घ्या."

"इंजेक्शन घेतो की. तुमी लिवा आधी. तारीख, टाइम, कुठं लागलं, समदं."

मी लिहिलं. त्यांनी वाचून घेतलं आणि खाली सावकाश सही केली. मग पायरीवर बसून पायाला फडकं बांधता बांधता सांगितलं, की फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका साइटवर त्यांच्या जोडीदाराची दोन बोटं कटरखाली गेली होती. मालकानं सरळ सांगितलं, हा माणूस त्या दिवशी कामावरच नव्हता. हजेरी कच्च्या कागदावर, तो कागद कुठं गेला कुणाला ठाऊक. "आमी चार जण बोललो, पर आमचं कोण ऐकतंय राव? कागुद मागत्यात."

नंतर बाकीचेही येऊ लागले. कुणाचा अंगठा चेचला, कुणाच्या डोळ्यात सिमेंट गेलं. मिस्त्री बायकांनासुद्धा पाठवायचे. पाट्या उचलणारी एक बाई घसरून कोपर खरचटून घेऊन आली आणि लाजत म्हणाली, "मिस्त्री म्हनले, लिवून या." ठेकेदारांना ते आवडत नव्हतं, पण ते उघड बोलले नाहीत. मला मात्र ते काम आवडायला लागलं होतं. कॉलेजात शिकलेल्यातलं काहीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडतंय असं वाटायचं.

मार्चमध्ये इमारतीच्या मालकाकडून तपासणीला माणसं येणार असं ठरलं. ठेकेदारांनी नवे सेफ्टी बेल्ट आणले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले, पिवळेधमक. जुन्यांचे हूक तुटलेले होते, ते भंगारात टाकून दिले. नवे स्टोअरमध्ये ठेवून ठेकेदार मला म्हणाले, "परवा तपासणी आहे. तोवर कुणाला देऊ नकोस, मळवून ठेवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याच्या फळ्या काढायच्या होत्या, बाहेरच्या बाजूनं.

"ताई, एक पट्टा द्या."

"उद्या देते मिस्त्री. उद्या तपासणी झाली की सगळ्यांना वाटायचेत."

"काम आज हाय ना पर."

"साहेबांनी सांगितलंय हो. माझा नाइलाज आहे."

किल्ली माझ्या टेबलावर, पाणी प्यायच्या ग्लासाशेजारी पडली होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. वाद घालणारा माणूस नव्हता तो. "बरं," म्हणाले आणि गेले. मी खडीच्या गाडीची पावती लिहायला घेतली.

अकराच्या सुमारास वरून फळी पडल्याचा आवाज झाला. फळ्या रोजच पडायच्या, म्हणून मी मान वर केली नाही. मग पाट्या उचलणाऱ्या बायका ओरडायला लागल्या.

उभं राहायला बांधलेल्या परांचीची फळी सरकली होती. मिस्त्री खाली विटांच्या ढिगाशेजारी पडले होते. रक्त फारसं नव्हतं, त्यामुळं मला आधी वाटलं, वाचतील. ठेकेदारांच्याच गाडीत घातलं. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स देऊन पुण्याला न्यायला सांगितलं. वाटेत मिस्त्रींचं डोकं हलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यांना शुद्ध होती. एकदा पाणी मागितलं. मग म्हणाले, "ताई, माझी मोटरसायकल कुणाला चालवू देऊ नका. मागला ब्रेक लागत न्हाई."

"नाही देत कुणाला. तुम्ही बोलू नका."

"कुनीतरी पडंल," म्हणाले.

खेड ओलांडल्यावर त्यांचा हात सैल पडला. पुण्यात पोचल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला नवं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार केबिनमध्ये आले. डोळे सुजलेले होते. ते ढोंग करत नव्हते. मिस्त्री त्यांच्याकडं बारा वर्षं होते. पण बसल्यावर त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"अहवाल द्यावा लागेल. मी सांगतो तसं लिही. पट्टा उपलब्ध होता, सूचना देऊनही कामगारानं वापरला नाही."

"पण सर, त्यांनी मागितला होता."

"कुणाकडं मागितला?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "किल्ली कुणाकडं होती? मी अडकेन ते अडकेन. तू पण अडकशील. तुझं वय काय, लग्न व्हायचंय तुझं. गेलेला माणूस आता परत येणार आहे का?"

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. 'मयताने सूचना देऊनही सुरक्षा पट्टा वापरला नाही.' खाली सही केली. पोलिसांनाही तेच सांगितलं.

दहाव्याला आम्ही साइटवरचे सगळे येडगावला गेलो. धरणाच्या पाण्याकाठी विधी झाला. परतताना मिस्त्रींच्या बायकोनं मला बाजूला बोलावलं. कॉलेजला जाणारी मुलगी तिला धरून उभी होती.

"ताई, तुमी तिथंच व्हता ना? मग एक सांगा. त्येंनी पट्टा का नाय घातला?"

मी पाण्याकडं पाहिलं.

"घरच्या पत्र्यावर चढायचं असलं तरी कमरंला दोरी बांधायचे वो. आमी हसायचो. आता भावकीतले म्हनत्यात, स्वतःच्या हातानं गेला, निष्काळजी व्हता. कसं पटावं मला?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ती मान हलवत राहिली. मला खोटं सांगता आलं, आणि तिनं ते विश्वासानं ऐकून घेतलं.

घरी येऊन जेवले नाही. आईला वाटलं, विधीहून आले म्हणून. तीन-चार दिवसांनी गोठ्यात वडिलांना सगळं सांगितलं. ते धार काढत होते. थांबले नाहीत, पण त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली. चरवी भरल्यावर म्हणाले, "सांगायचं असंल तर तुझ्या नावासकट सांग. किल्लीचं पण सांग. अर्धं सांगू नको."

मी नोकरी सोडली. नवा जबाब लिहिला: त्यांनी पट्टा मागितला, मी दिला नाही, किल्ली माझ्याकडं होती. पोलिस ठाण्यात दिला, पुण्याला कामगार विभागाच्या कार्यालयात दिला. मिस्त्रींच्या घरच्यांच्या भरपाईच्या दाव्यात मला साक्षीला बोलावलं. ठेकेदारांच्या वकिलांनी दोन कागद शेजारी ठेवले.

"दोन्ही अक्षरं तुमचीच?"

"हो."

"दोन्ही सह्या?"

"हो."

"मग यातला खोटा कुठला, हे कोर्टानं कसं ओळखायचं?"

मी सांगत होते, भीती वाटली म्हणून पहिला लिहिला. ते म्हणाले, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेला कागद खरा धरायचा, की नोकरी सोडल्यावर रागानं लिहिलेला? त्या दिवशी परांचीवर मिस्त्रींबरोबर असलेला कामगार काही पाहिल्याचं नाकारून बिहारला निघून गेला होता. पट्टा मागितल्याचं दुसऱ्या कुणी ऐकलंच नव्हतं. त्या वेळी केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो.

निकाल लागायला बराच काळ गेला. भरपाई मंजूर झाली, कारण कामावर असताना मृत्यू झाला हे कुणी नाकारलं नव्हतं. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. मी येडगावला गेले. मुलगी निकालाची प्रत घेऊन ओसरीवर बसली होती. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. मयताने सूचना देऊनही सुरक्षा पट्टा वापरला नाही, असे अहवालावरून दिसते. माझंच वाक्य, आता छापील अक्षरात.

"हे खोडता येतं का?" तिनं विचारलं.

"निकाल कळल्यावर तुमच्या वकिलांना विचारलं मी. म्हणाले, भरपाई मिळाली आहे, आता त्या एका ओळीसाठी कोर्ट पुन्हा केस घेणार नाही."

"पण हे खोटं आहे ना?"

"खोटं आहे. मी लिहिलेलं आहे."

तिची आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्या साक्षीबद्दल तिला आधीच कळलं होतं. तरी माझ्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती. मला वाटलं, ओरडेल, घालवून देईल. तिनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.

"तुमी खरं बोललात, त्ये मला कळतंय," ती म्हणाली. "कोन बोललं नसतं. पर ताई, त्या दिवशी पान्याकाठी मी इचारलं, तवा सांगायचं व्हतं. तवा समदी भावकी तिथं व्हती. समद्यांनी ऐकलं असतं." मग म्हणाली, "आता परत येऊ नका. तुमी आला की मला त्येंचा नाय, तुमचाच इचार पडतो. दिसभर."

मी पाणी प्यायले. उठले. मुलगी फाटकापर्यंत आली. निकालाचा कागद तिच्या हातातच होता.

त्यानंतर मी येडगावला गेलेली नाही.